ट्रायम्फ टीआर३ए चे इंजिन बांधताना ८३ मिलिमीटरचेच लायनर-पिस्टन ठेवावेत, की ८६ चे घालावेत?

टिळकवाडीकर (बेळगाव)

सर्व सदस्यांस सप्रेम नमस्कार.

माझ्याकडे १९५९ सालची ट्रायम्फ टीआर३ए ही ब्रिटिश स्पोर्ट्स मोटार आहे. वडिलांनी ती पणजीच्या एका कुटुंबाकडून विकत घेतली आणि अनमोड घाटातून स्वतः चालवत बेळगावला आणली. माझे लहानपण तिच्या मागच्या अरुंद जागेत अंग चोरून बसून खानापूरला आजोळी जाण्यात गेले. वडील गेल्यानंतर अकरा वर्षे ती शेडमध्ये उभी राहिली. मागच्या दिवाळीत मी ती पुन्हा चालू केली, परंतु निपाणीहून परत येताना तवंदी घाटाच्या चढावर पाण्याचा काटा लाल खुणेपर्यंत गेला आणि मागे निळ्या धुराचा लोट उठला. घरी येऊन ऑइलचे झाकण उघडले, तर आतल्या बाजूस ताकाच्या फेसासारखा पांढरट थर जमलेला होता.

कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये पिस्टनने निर्माण होणारा दाब) तपासले असता पहिल्या सिलिंडरमध्ये १३५, दुसऱ्यात १३०, तिसऱ्यात ९५ आणि चौथ्यात ९० पाउंड असा दाब मिळाला. शेवटच्या दोन्ही सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा पाहिले, तेव्हा तो १२० च्या आसपास चढला, त्यामुळे दोष व्हॉल्व्हपेक्षा पिस्टनच्या रिंग आणि बोअरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या पोकळीत) अधिक आहे असे आमच्या मेस्त्रींचे मत पडले. हेड (इंजिनाचे वरचे झाकण) उतरवल्यावर तिसऱ्या लायनरच्या (पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या, बदलता येणाऱ्या नळीच्या) वरच्या कडेला नखाला अडेल अशी धार आढळली. बोअर गेजने मोजले, तर त्या जागी ८३.२४ आणि तळाशी, जिथे रिंग पोहोचत नाही तिथे, ८३.०२ मिलिमीटर माप आले.

माझ्यापुढे आता चार मार्ग आहेत. पहिला म्हणजे जुनेच लायनर अर्धा मिलिमीटर मोठे बोअर करून त्या मापाचे पिस्टन मिळवावेत, आणि दुसरा म्हणजे ८३ मिलिमीटरचा मूळ मापाचा नवा लायनर-पिस्टन संच ब्रिटनमधून मागवावा. पुढे टीआर४ ला (याच मालिकेतील नंतरच्या गाडीला) आला तो ८६ चा संच घालून इंजिन २१३८ सीसीचे करता येते, आणि ८७ चा संचही मिळतो, ज्याने ते २१८८ सीसीचे होते. गाडी शर्यतीसाठी नाही. महिन्यातून दोनदा आंबोलीपर्यंत किंवा कोल्हापूरपर्यंत ती निर्धास्तपणे जावी, एवढीच अपेक्षा आहे. ज्यांनी असे इंजिन प्रत्यक्ष बांधले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सदलग्याचा शेतकरी (ता. चिकोडी)

टिळकवाडीकर, आपल्या प्रश्नाने मला वडिलांच्या ट्रॅक्टरची आठवण झाली, कारण आपल्या गाडीचे इंजिन आणि जुन्या फर्ग्युसन टीईए२० ट्रॅक्टरचे इंजिन ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत. इंग्लंडच्या स्टँडर्ड कंपनीने हे ओल्या लायनरचे (म्हणजे लायनरच्या बाहेरून थेट पाणी खेळते असे) चार सिलिंडरी इंजिन व्हॅनगार्ड मोटारीला दिले, त्याचेच रूप फर्ग्युसनला गेले आणि तेच सुधारून टीआर मालिकेत आले. म्हणून मोटारीची चमक बाजूला ठेवून ट्रॅक्टर खोललेल्या माणसाच्या नजरेने त्याच्याकडे पाहावे, असे मी सुचवीन.

हेड उतरवल्यावर आपण किंवा मेस्त्रींनी क्रँक (पिस्टनना जोडलेला मुख्य दांडा) फिरवला आहे काय? या इंजिनात लायनर ब्लॉकमध्ये ठोकून बसवलेले नसतात. ते खालच्या बैठकीवर टेकलेले असतात आणि वरून हेडच त्यांना दाबून धरते. हेड नसताना क्रँक फिरवला की वर जाणारा पिस्टन लायनरला सोबत उचलतो, बैठकीची गॅस्केट (सांधा बंद करणारी पातळ चकती) सुटते, आणि त्या क्षणापासून पाणी चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या तळपात्रात) उतरण्याची वाट मोकळी होते. आमच्या ट्रॅक्टरच्या बाबतीत नेमके हेच घडले होते. गावातल्या एका कारागिराने व्हॉल्व्ह घासण्यासाठी हेड काढले, टायमिंगची खूण पाहण्यासाठी हँडल मारले, आणि नवी हेड गॅस्केट घालूनही आठवड्याभरात ऑइल पांढरे झाले. तेव्हापासून हेड निघाले की दोन बोल्ट, पाइपचे दोन तुकडे आणि जाड वॉशर लावून लायनर जागेवर आवळून ठेवल्याशिवाय मी इंजिनाला हात लावू देत नाही.

आपल्या झाकणाखालचा पांढरा थर थंड हवेतल्या ओलाव्यामुळेही येऊ शकतो, पण पाणी तापल्याची तक्रार सोबत असल्यामुळे मला लायनरच्या बैठकीचा संशय अधिक येतो.

उद्यमबाग बोअरिंग (बेळगाव)

माझा व्यवसाय ब्लॉक बोअरिंग, होनिंग (बोअर दगडाने बारीक घासणे) आणि क्रँक ग्राइंडिंगचा आहे, त्यामुळे माझे उत्तर थोडे लांबेल, त्याबद्दल क्षमस्व.

सदलग्याच्या मित्रांनी मुळावर बोट ठेवले आहे. ८३ की ८६ हा प्रश्न पुढचा आहे, त्याआधी ब्लॉकमधील बैठक पाहिली पाहिजे. आजकालच्या पुष्कळ डिझेल इंजिनांत लायनरची कॉलर वर असते आणि खाली रबरी ओ-रिंग असतात. आपल्या इंजिनात मात्र लायनरचा खालचा खांदा ब्लॉकमधील कडेवर बसतो, आणि दोन लायनरच्या जोडीला मिळून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी एक पातळ धातूची गॅस्केट असते. ती गॅस्केट पाणी अडवते आणि लायनर ब्लॉकच्या पृष्ठभागापेक्षा किती वर डोकावेल हेही ठरवते. हे डोकावणे तीन ते पाच हजारांश इंच, म्हणजे साधारण ०.०८ ते ०.१३ मिलिमीटर असावे लागते. ते कमी पडले तर हेडचा दाब लायनरवर न येता ब्लॉकवर जातो, त्यामुळे वरून वायू आणि खालून पाणी निसटू लागते. शेजारच्या दोन लायनरमध्ये फरक राहिला, तर हेड गॅस्केट दोघांच्या मधल्या पट्टीतच जळते.

आपण प्रथम चारही लायनर काढावेत आणि पाण्याच्या कप्प्यात तळाशी साचलेला गाळ खरवडून काढावा. साठ वर्षांत तिथे गंज, विहिरीच्या पाण्याचा क्षार आणि जुन्या सीलंटचे तुकडे यांचा विटेसारखा घट्ट थर बसतो, आणि तो मागच्या बाजूस, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या सिलिंडरभोवती, अधिक असतो. आपल्या गाडीचे नेमके हेच दोन सिलिंडर खराब निघाले हा योगायोग नसावा. जिथे पाणी फिरत नाही तिथे लायनर तापतो, ऑइलचा पडदा तुटतो आणि बोअर झिजतो. अशा ब्लॉकमध्ये कोणत्याही मापाचा नवा संच घातला तरी दोन वर्षांत तोच धूर पुन्हा दिसेल.

गाळ निघाल्यावर बैठकीची कड पितळी ब्रशने आणि हाताने साफ करावी. तिथे ग्राइंडर फिरवू नये, कारण कडेला खळगा पडला तर तो भरून काढण्याचा सोपा उपाय नाही. नंतर नवी गॅस्केट कोरडी ठेवून लायनर बसवावा, वरून आवळावा, सरळपट्टी आडवी धरून फिलर गेजने चार ठिकाणी माप घ्यावे आणि ते कागदावर लिहून ठेवावे. माप कमी भरले तर त्याच आकाराची जाड गॅस्केट मिळते. जास्त भरले तर आधी गॅस्केटखाली कचरा राहिला नाही ना, ते पाहावे.

आता आपण सांगितलेल्या मार्गांविषयी. ८३.२४ आणि ८३.०२ ही मापे पाहता नुसत्या रिंग बदलून भागणार नाही, हे उघड आहे. अर्धा मिलिमीटर बोअर मोठा करून लायनर वाचवता येईल, परंतु मी तसे करणार नाही. जुन्या लायनरची बाहेरची बाजू पाण्याने खाल्लेली असते आणि तिथे पडलेले खड्डे बोअर करताना दिसत नाहीत. आम्ही आतून पंचवीस शतांश मिलिमीटर घासतो आणि नेमका खड्ड्यापाशी पत्रा उरतो. शिवाय त्या मापाचे योग्य पिस्टन मिळवण्याचा खर्च शेवटी नव्या संचाच्या जवळ जातो.

इथे ‘८३ चा पिस्टन बाजारात मिळतो’ असे सांगणारे पुष्कळ भेटतील, आणि व्यास जुळणारे पिस्टन मिळतातही. आपल्या भागाला पिस्टनचे वावडे नाही. मेनन पिस्टन्ससारखा कारखाना कोल्हापुरातच आहे, आणि बेळगावच्या फौंड्रीतून व उद्यमबागेतल्या लेथवरून दररोज कितीतरी इंजिनांचे भाग बाहेर पडतात. परंतु पिस्टनचा व्यास हे त्याच्या अनेक मापांपैकी एक आहे. पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची, पिनचा व्यास, रिंगच्या खाचांची रुंदी, माथ्याचा आकार आणि वजन ही सर्व जुळावी लागतात. डिझेलचा पिस्टन जड असतो आणि त्याच्या माथ्यावर खोलगट वाटी असते. तो पेट्रोलच्या इंजिनात घातला की तीनच मेन बेअरिंगवर फिरणाऱ्या या क्रँकला ज्यादा वजनाचे हिसके बसतात आणि कॉम्प्रेशनचा हिशेब पूर्ण बिघडतो. लायनरही इथे स्पन-कास्ट (साचा फिरवून ओतलेल्या) नळीतून कातून देता येईल, मी स्वतः ट्रॅक्टरसाठी असे पुष्कळ दिले आहेत. परंतु आपल्या लायनरचा खांदा ते वरचे टोक ही उंची चारही नगांत मिलिमीटरच्या शतांशापर्यंत सारखी ठेवावी लागेल, आणि नमुना म्हणून समोर आहे तो झिजलेला, खाल्लेला जुना भाग. तयार संच मिळत असताना हा खटाटोप करू नये. लायनर, पिस्टन, पिन आणि रिंग एकाच विक्रेत्याकडून जुळवलेला संच म्हणूनच घ्यावे.

संच हाती आला की डब्यावरचे माप खरे धरून बसवू नये. प्रत्येक लायनर वर, मधे आणि खाली, दोन काटकोनी दिशांनी मोजावा. पिस्टनचा व्यास स्कर्टवर (रिंगखालच्या भागावर), पिनच्या काटकोनात मोजावा आणि दोघांतील अंतर त्या पिस्टनच्या उत्पादकाने दिलेल्या आकड्याशी ताडावे. फोर्ज केलेला पिस्टन तापल्यावर अधिक फुगतो, म्हणून त्याला जास्त अंतर द्यावे लागते आणि सकाळी थंड इंजिनात तो खडखडतो. आपल्या वापरासाठी साधा कास्ट पिस्टन उत्तम. रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या तोंडातील फट पाहावी. बोअरच्या दर इंचामागे तीन ते चार हजारांश इंच या नेहमीच्या हिशेबाने ८३ च्या बोअरला ती साधारण ०.२५ ते ०.३३ मिलिमीटर येते. चारही पिस्टन पिनसह तोलावेत, दोन-चार ग्रॅमचाच फरक राहू द्यावा.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येक ग्राहकाला हात जोडून सांगतो. होनिंग झालेला लायनर केवळ रॉकेलने पुसून बसवू नये. दगडाची भुकटी होनिंगच्या तिरप्या रेघांत रुतून बसते आणि रॉकेल तिला फक्त इकडून तिकडे सरकवते. गरम पाणी, कपड्यांचा साबण आणि ब्रश घेऊन धुवावे, पांढऱ्या फडक्याने पुसावे, आणि फडक्यावर करडा डाग येईनासा होईपर्यंत पुन्हा धुवावे. लगेच ऑइलचा हात फिरवावा, नाहीतर आपल्या पावसाळी हवेत तासाभरात तांबूस झाक येते.

पंचगंगाकाठ (कोल्हापूर)

मी गेली नऊ वर्षे टीआर४ चालवतो, म्हणून ८६ च्या बाजूने दोन शब्द लिहितो. टीआर४ ला कारखान्यातूनच ८६ बाय ९२ मिलिमीटरचे २१३८ सीसीचे इंजिन मिळत असे, आणि दोन लिटरच्या आतील शर्यतगटासाठी ज्यांना हवे त्यांना १९९१ सीसीचेही घेता येई. आपल्या ब्लॉकमध्ये ८६ चा लायनर त्याच बैठकीवर बसतो. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये हा फरक स्पष्ट जाणवतो, गाडी ओढत नेते आणि गिअर कमी वेळा बदलावा लागतो.

मात्र ८७ च्या मोहात पडू नये, असे माझेही मत आहे. लायनरची भिंत आणखी पातळ होते, दोन सिलिंडरमधील हेड गॅस्केटची पट्टी अरुंद होते, आणि गॅस्केटचे भोक ८७ पेक्षा मोठे नसेल तर तिची कड थेट ज्वलनकक्षात डोकावते. मी अशी कड लालबुंद होऊन जळालेली पाहिली आहे.

कॉम्प्रेशनचा हिशेब अवश्य करावा. ८३ च्या बोअरला एका सिलिंडरचे आकारमान ४९७.८ घनसेंटिमीटर येते. मूळ कॉम्प्रेशन गुणोत्तर (पिस्टन तळाशी असतानाची जागा भागिले तो वर असतानाची जागा) ८.५ धरले तर वरची मोकळी जागा साधारण ६६.४ घनसेंटिमीटर ठरते. हेच हेड आणि तशाच माथ्याचा पिस्टन ठेवून ८६ घातले तर गुणोत्तर ९.०५ च्या जवळ जाते, आणि ८७ ला ९.२ च्या पुढे. आपले हेड पूर्वी कोणी घासून पातळ केले असेल, तर ते आणखी वाढेल. म्हणून हेडचा कक्ष काचपट्टी आणि सिरिंजने मोजूनच निर्णय घ्यावा. पंपावर आता इथेनॉल मिसळलेले ई२० पेट्रोल मिळते. त्यातील इथेनॉल, जे आपल्याच भागातील साखर कारखान्यांतूनही जाते, ऑक्टेन वाढवते, परंतु त्यासाठी हवेच्या मानाने इंधन जास्त लागते. एसयू कार्ब्युरेटरची इंधन मोजून सोडणारी सुई जुन्या पेट्रोलच्या मापाची राहिली तर मिश्रण पातळ होते, चढावर इंजिन तापते आणि पिस्टनच्या रिंगमधल्या कडा तुटू लागतात. आपला तवंदीचा अनुभव अंशतः यामुळेही असू शकेल. जुने रबरी पाइपही त्याच वेळी बदलून टाकावेत.

वेंगुर्ला रोड (बेळगाव)

यांत्रिक बाजू जाणकारांनी मांडली आहेच. मी केवळ कागदपत्रांबद्दल लिहितो. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या वाहनांसाठी ‘व्हीए’ मालिकेची स्वतंत्र नोंदणी आणली, आणि तिच्यासाठी वाहन मूळ स्वरूपात असणे, इंजिन किंवा चॅसिसमध्ये मोठा बदल झालेला नसणे अपेक्षित आहे. आपल्या आरसी पुस्तकात १९९१ सीसी लिहिलेले असणार. २१३८ केल्यावर तो आकडा खरा राहणार नाही. पुढे व्हिंटेज नोंदणी करण्याचा विचार असेल, तर ही गोष्ट आधीच तोलून पाहावी.

टिळकवाडीकर (बेळगाव)

सर्वांचे मनापासून आभार. सदलग्याच्या काकांचा प्रश्न वाचून मी मेस्त्रींना विचारले, तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे मान्य केले की तिसऱ्या सिलिंडरची धार नीट दिसावी म्हणून त्यांनी क्रँक अर्धा फेरा फिरवला होता. त्यांचा राग आला नाही. त्यांचे सगळे आयुष्य अँबॅसिडर आणि फियाटच्या ब्लॉकवर गेले आहे, आणि त्या ब्लॉकमध्ये असा सैल लायनर त्यांनी कधी पाहिलेला नव्हता.

या रविवारी आम्ही चारही लायनर काढले. पहिले दोन हाताने हलले. चौथ्यासाठी लाकडी ठोकळा आणि हातोडा लागला, आणि तो निघाला तेव्हा त्याच्या खालच्या तीन बोटांएवढ्या भागाभोवती विटकरी रंगाचा कठीण थर जसाच्या तसा चिकटून आला. त्या थराखाली लायनरवर ज्वारीच्या दाण्याएवढे खड्डे आहेत. बोअरिंगवाल्या साहेबांनी लिहिलेले तंतोतंत खरे ठरले, जुने लायनर बोअर करण्याचा विचार तिथेच सोडला. चौथ्या सिलिंडरच्या बाजूने आठच्या आकड्याची गॅस्केट एका जागी पूर्ण कुजलेली होती, आणि तिसऱ्या-चौथ्याच्या जोडीवर पूर्वी कोणीतरी गॅस्केटऐवजी नुसते सीलंट थापलेले आढळले. हे काम वडिलांच्या काळात एका बाहेरच्या गॅरेजमध्ये झाले होते.

ब्लॉकची बैठक साफ केल्यावर ती शाबूत निघाली, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. हेडचा कक्ष काचपट्टीने मोजला, आणि गॅस्केटची जाडी धरून हिशेब केला, तर सध्याचे गुणोत्तर ८.८ च्या आसपास येते, म्हणजे हेड पूर्वी कधीतरी घासलेले आहे. याच हेडवर ८६ घातले तर ते ९.३ च्या पुढे जाईल. त्यामुळे आणि नोंदणीचा मुद्दा लक्षात घेऊन मी ८३ मिलिमीटरचा, कास्ट पिस्टनचा नवा संच मागवण्याचे ठरवले आहे. कोल्हापूरकरांनी रागावू नये. वडिलांनी ज्या ताकदीवर अनमोड घाट चढला, तेवढी मला पुरेल.

बसवताना लायनरची बैठक पाणी धरते आहे की नाही, हे इंजिन गाडीत जाण्यापूर्वी समजण्याचा काही मार्ग आहे काय?

उद्यमबाग बोअरिंग (बेळगाव)

निर्णय योग्य आहे. ९.३ च्या गुणोत्तरावर घाटात ठोका येण्याची (इंधन अवेळी पेटून इंजिन ठकठकण्याची) काळजी कायम राहिली असती.

मार्ग आहे. इंजिन स्टँडवर असताना, चेंबर लावण्यापूर्वी, हेड गॅस्केटसह हेड ठरल्या क्रमाने आवळावे. या इंजिनाला १०० ते १०५ पाउंड-फूट टॉर्क आहे, तो एकदम न देता तीन टप्प्यांत द्यावा. पाण्याच्या वाटा रबरी बुचांनी आणि झाकणपट्टीने बंद कराव्यात, वरून साधे पाणी भरावे आणि रात्रभर तसेच ठेवावे. खाली वर्तमानपत्र पसरून ठेवावे. सकाळी बॅटरीच्या उजेडात प्रत्येक लायनरच्या खालच्या कडेभोवती बोट फिरवून पाहावे. कागदावर एक जरी ओला ठिपका दिसला तरी तो आपोआप सुकेल अशी आशा धरू नये, हेड उतरवून लायनर पुन्हा काढावा. कोरडे निघाले तर पाणी लगेच काढून टाकावे आणि गाडीत भरताना विहिरीचे पाणी न वापरता शुद्ध पाण्यात कूलंट मिसळून भरावे.

पहिल्यांदा चालू केल्यावर इंजिन मंद गतीवर घुटमळत ठेवू नये. वीस मिनिटे दीड ते दोन हजार फेऱ्यांवर चालवावे, म्हणजे कॅम आणि टॅपेटला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांना) पुरेसे ऑइल मिळते. नंतर खानापूरच्या रस्त्याने न्यावे. रिंग बसण्यासाठी मध्यम वेगात थोडा जोर द्यावा, मग पाय काढून गाडी घसरत जाऊ द्यावी, आणि असे वीस-पंचवीस वेळा करावे. जुन्या बनावटीच्या टॅपेटसाठी जस्तयुक्त २०डब्ल्यू५० मिनरल ऑइल घालावे आणि पाचशे किलोमीटरला ते फिल्टरसह बदलावे. त्याआधी चोर्ला किंवा तवंदी घाटाकडे गाडी वळवू नये.

लायनर आले की मोजण्यासाठी थेट माझ्याकडे घेऊन यावेत. बोअर गेज आणि सरळपट्टी तयार ठेवतो. मेस्त्रींनाही सोबत आणावे, त्यांना बैठकीचे माप स्वतःच्या हाताने घेऊ द्यावे.